घरोघरी एक आवडीची वही

आपल्या पूर्वजांविषयी या बेटावर जेवढे लिखित कागद शिल्लक आहेत, तेवढे साध्या कष्टकरी माणसांविषयी फार थोड्या ठिकाणी सापडतील. १८३४ सालापासून करारबद्ध मजुरांची जहाजे पोर्ट लुई बंदराला लागू लागली, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद सरकारी वहीत होऊ लागली. ज्या घाटावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. त्या काळच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. एखाद्या कुटुंबाने आपल्या खापरपणजोबांचा शोध घेतला तर जहाजाचे नाव, त्यांना मिळालेला क्रमांक, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव आणि कोणत्या मळ्यावर त्यांस धाडले इतकी माहिती मिळू शकते. कित्येकांची तर छायाचित्रेही आहेत.

परंतु त्या माणसाला काय आवडत होते हे त्या वह्यांत कोठेही सापडत नाही. दिवसभर ऊस तोडून आल्यावर तो कोणते गाणे म्हणत असे, कोणाची कथा ऐकायला तो दोन मैल चालत जाई, कोणत्या पदार्थाची त्याला आठवण येई, हे कोणी विचारले नाही आणि कोणी लिहिले नाही. लिहिणाऱ्यास मजुराची गरज होती, त्याच्या आवडीनिवडीची नव्हती. त्याबद्दल आज कोणाला बोल लावून उपयोग नाही. आम्हांला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. आज आपल्या घरात आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना लिहितावाचता येते, आणि तरीही आपण घरात ज्या वह्या ठेवतो त्या बहुतेक त्याच धर्तीच्या असतात.

कोणत्या वह्या, ते पाहा. एक वही देण्याघेण्याची असते. आपल्या आईवडिलांच्या काळी ती कार्ने लाबुतिक होती. चिनी दुकानदार तीत तांदूळ, तेल, खारी मासळी, चहाची पुडी असे लिहून ठेवी आणि महिनाअखेर पैसे चुकते होत. दुसरी वही जन्ममृत्यूच्या तारखांची, वर्षश्राद्धाच्या तिथींची. तिसरी लग्नात कोणी किती आहेर केला त्याची. या सर्व वह्या आवश्यक आहेत. पण या तिन्ही वह्या वाचून आपल्या नातवंडांना एवढेच कळेल की आपण देणेकरी होतो, मर्त्य होतो आणि व्यवहारी होतो. आपल्याला कशाने बरे वाटत असे, हे त्यांना कळणार नाही.

अशा एका जुन्या कार्नेच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेली झाकरीची गाणी आम्ही पाहिली आहेत. पुढच्या बाजूस उधारी आणि मागच्या बाजूस गाणी! ज्या कोणी ती उतरवून घेतली त्याला ती आवडली असली पाहिजेत, नाहीतर दिवसभराच्या कष्टानंतर एवढा खटाटोप कोण करील? परंतु ती कोठे ऐकली, कोण गात होता, कोणत्या वर्षीच्या गणपतीत, त्यातले कोणते त्याच्या मनात विशेष भरले, याचा एक शब्द तेथे नाही. आता विचारायला त्या पिढीतले कोणी उरलेले नाही. त्याने एकेका गाण्याखाली एकेक ओळ जास्त लिहिली असती, तर आज आपल्या झाकरीचा थोडासा इतिहास आपल्या हाती असता.

म्हणून आमची सूचना अशी आहे की प्रत्येक मराठी घरात एक 'आवडीची वही' असावी. वाचलेले पुस्तक, पाहिलेले नाटक, सिनेमा किंवा भजन, आणि होय, मनापासून आवडलेला चहासुद्धा, या वहीत तारीख घालून दोनतीन ओळींत मराठीत लिहून ठेवावा. ही सूचना काही वाचकांना पोरकट वाटेल. नाटकाचे ठीक आहे, पण चहाची नोंद कसली करायची, असे ते म्हणतील. आम्ही चहाचे नाव मुद्दाम घेतले आहे आणि त्याचे कारण सांगतो.

आपल्या बेटावर मराठी आज कोठे कोठे वापरली जाते? देवळात आरतीला, बैठकीत भजनाला, लग्नमुंजीत मंत्राच्या बरोबरीने, आणि शाळेत परीक्षेसाठी. घरात स्वयंपाक करताना, भांडताना, हसताना, बसची वाट पाहताना आपण क्रेओल बोलतो. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. ती आपल्या मुलांची बोली आहे, आणि २०१२ पासून तीही शाळेत विषय म्हणून शिकविली जाते. परंतु जी भाषा फक्त देवापुढे आणि परीक्षकापुढे बोलली जाते, तिच्याबद्दल मुलाच्या मनात आदर असतो, भीती असते, पण सलगी नसते. सणाच्या दिवशी कपाटातून काढायची आणि दुसऱ्या दिवशी घडी घालून ठेवायची ती साडी होते. चहाची परीक्षा कोणी घेत नाही. चहाबद्दल लिहिताना चूक झाली तर गुण जात नाहीत आणि देवही कोपत नाही. भाषेशी सलगी करायची असेल तर अशाच बिनधोक जागेपासून सुरुवात करावी.

दुसरे कारण आम्हां शिक्षकांना रोज दिसते. वर्गात मुलांना विचारावे, गोष्ट कशी वाटली? उत्तर येते, 'छान.' सहल कशी झाली? 'खूप छान.' नाटक? 'फारच छान.' मुलांनाच का नावे ठेवावी? आपल्या मंडळांचे अहवाल उघडून पाहा. प्रत्येक कार्यक्रम 'उत्साहात' साजरा झालेला असतो आणि सर्वांनी त्याचा 'मनमुराद आनंद लुटलेला' असतो. एकही नाटक रटाळ झाले नाही, एकही भाषण लांबले नाही, एकही गायक बेसूर गायला नाही. आवडनिवड सांगण्यासाठी आपल्याजवळ एकच शब्द उरला आहे, आणि ज्याच्याजवळ एकच शब्द असतो त्याची आवडही हळूहळू एकसुरी होत जाते.

मराठी काही एवढी गरीब भाषा नाही. चहाचेच पाहा. चहा कडक असतो, फिका असतो, दाट असतो. पत्ती फार उकळली तर तो कडवट होतो, तुरट लागतो. दूधपाणी जास्त झाले की पांचट होतो, आणि अगदीच बिघडला तर त्याला फुळकवणी म्हणतात. 'फुळकवणी' हा शब्द एकदा मुलाला सांगा आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. तो शब्द तो जन्मभर विसरणार नाही. नाटक रंगते किंवा पडते. संवाद चुरचुरीत असतात किंवा ओढूनताणून आणलेले असतात. विनोद खुसखुशीत असतो, पाणचट असतो, बोचरा असतो. नट मिस्कील असतो, आक्रस्ताळा असतो. पुस्तक मनाची पकड घेते, डोळ्यांत पाणी आणते, किंवा दहाव्या पानावर झोप आणते. हे शब्द पाठ करून येत नाहीत. ज्याला काहीतरी नेमके सांगायचे आहे त्यालाच ते शोधावे लागतात, आणि शोधले की ते आपले होतात.

मग या वहीत लिहायचे काय आणि कसे? आम्ही प्रशिक्षण घेताना मोठमोठे तक्ते आणि रकाने शिकलो. येथे त्यांची गरज नाही. तारीख, काय, कोठे, कोणाबरोबर, आणि 'का आवडले' याची एक ओळ, एवढे पुरे. जमल्यास एक नवा शब्द. नमुन्यादाखल तीन नोंदी देतो.

पहिली, चहाची: 'रविवार. आजीकडे दिते लावानी. दुधाची भुकटी नीट ढवळली नव्हती म्हणून वर गुठळ्या आल्या. तरी आवडला, कारण आजीने आले ठेचून घातले होते. बरोबर गातो पिमा. आजीने बशीत ओतून फुंकर मारून प्यायला. बाबा म्हणाले, खापरपणजोबाही असाच पीत.'

दुसरी, पुस्तकाची: 'श्यामची आई. आज अळणी भाजीची गोष्ट वाचली. भाजीत मीठ घालायचे राहून गेले, पण वडील एक शब्द न बोलता जेवले. मला आईपेक्षा वडील जास्त आवडले. नवा शब्द: अळणी, म्हणजे मीठ नसलेले.'

तिसरी, नाटकाची: 'शनिवार, वाक्वाचे सर्ज कॉन्स्टन्टिन नाट्यगृह. पहिला अंक रंगला. दुसऱ्यात मुख्य नट भाषण केल्यासारखा बोलू लागला आणि मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. नोकराचे काम करणारा मुलगा मात्र मिस्कील होता. त्याला सर्वांत मोठी टाळी.'

पाहा, तीन-चार ओळींत किती गोष्टी आल्या. आजीचे आले आले, बशी आली, खापरपणजोबा आले. दुसऱ्या नोंदीत एका मुलाने सर्वांनी आईवर निबंध लिहावा अशा पुस्तकात स्वतःची वेगळी आवड शोधली. त्याच पुस्तकाची आणखी एक गंमत त्याला पुढे कळेल. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि त्यातला श्याम वाढला तो कोकणातल्या पालगडात, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून निघाले त्याच मुलखात. जे अभ्यासाचे पुस्तक होते ते अशा रीतीने घरचे पुस्तक होईल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की आजकाल प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, छायाचित्र काढले की काम झाले. छायाचित्र काढू नये असे आम्ही म्हणत नाही. पण कपाच्या छायाचित्रात चव येत नाही. नाटकाच्या छायाचित्रात रंगीत शेले आणि हारतुरे दिसतात, कोणता संवाद ऐकून शेजारची मावशी पदर तोंडाला लावून हसली ते दिसत नाही. शिवाय फोन बदलतो, बिघडतो, हरवतो, आणि हजारो चित्रांतले एक शोधायला कोणी बसत नाही. चाळीस पानांची वही मात्र पावसाळी दुपारी कोणीही उघडून वाचतो.

दुसरा आक्षेप शुद्धलेखनाचा. आमच्या चुका पाहून पुण्यामुंबईचे लोक हसतील, अशी भीती आपल्या पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही वाटते. ही वही पुण्यामुंबईला पाठवायची नाही. ऱ्हस्वदीर्घ चुकले तर चुकू द्या; मधे क्रेओल शब्द आला तर तोही देवनागरीत लिहून पुढे जा. आम्ही स्वतः लाल शाईने वह्या तपासणारे शिक्षक आहोत, आणि आम्हीच सांगतो की या वहीला लाल शाई लावू नका. मराठीत ज्या आत्मचरित्राला मानाचे स्थान आहे ते 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत शिकलेल्या नव्हत्या; लग्नानंतर घरीच त्या लिहायला वाचायला शिकल्या. १९३४ पासून त्यांचे ते पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले आणि आजही लोक ते आवडीने वाचतात, ते मुख्यतः त्या जसे बोलत तसे लिहीत म्हणूनच.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. आनंद मोजूमापू नये, लिहायला बसले की त्याचा रंग उडतो, असे काही रसिक म्हणतात. नाटक चालू असताना मांडीवर वही घेऊन बसणाऱ्याबाबत हे खरे आहे. म्हणून नोंद दुसऱ्या दिवशी करावी. रात्रभरात जे मनात टिकले तेवढेच लिहिण्याच्या लायकीचे असते. आणि गुण मुळीच देऊ नयेत. दहापैकी आठ, पाचपैकी चार, ही शाळेची सवय या वहीत आणली की मुले पुन्हा परीक्षेला बसली असे समजा.

वेळ नाही, हे चौथे उत्तर आम्ही आधीच गृहीत धरले आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारच्या चहाच्या वेळी, दहा मिनिटे. दिपें-दिबेर खाऊन झाले, कप उचलले की वही टेबलावर यावी. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे, ज्याला येत नाही त्याने सांगावे. दासबोधात समर्थ रामदासांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, समास किती सोडावा, कागद आणि शाई कशी असावी, इतक्या बारीक गोष्टी त्यांनी त्यात सांगितल्या. ज्या संतांना ब्रह्मज्ञान सांगायचे होते त्यांना शाईचे बोलायला कमीपणा वाटला नाही. तेव्हा आम्हीही थोडे व्यवहाराचे बोलतो. वही जाड पुठ्ठ्याची घ्यावी. साध्या बॉलपेनने लिहावे. पाण्याने पसरणारी शाई आपल्या दमट हवेत टिकत नाही. वहीला कसर लागू नये म्हणून तीत कडुलिंबाची चार सुकी पाने ठेवावीत, आणि नोव्हेंबर ते मे या चक्रीवादळाच्या महिन्यांत ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उंच फळीवर ठेवावी. आपल्यापैकी किती घरांतली जुनी पुस्तके पाण्याने गेली, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

एका घराची वही त्या घरापुरती असते, पण शंभर घरांच्या वह्या समाजाच्या होतात. मराठी नाटक आपल्या बेटावर महिने महिने तालीम करून एक-दोन रात्री होते. लिहिणारे, बसविणारे, कामे करणारे सर्वजण दिवसा नोकरी करून संध्याकाळी बसने तालमीला येतात. पडदा पडला की महिनाभरात ते नाटक कोणाच्या आठवणीत नसते. बक्षीस मिळाले तर त्याचे चषक कपाटात राहतात. न मिळालेली नाटके जणू झालीच नाहीत. ज्या दिवशी कोणी आपल्या रंगभूमीचा इतिहास लिहायला बसेल, त्या दिवशी प्रेक्षकाने खरेपणाने लिहिलेल्या दोन ओळी त्याला हारतुऱ्यांच्या दहा छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडतील. आणि आजच्या नटालाही 'छान झाले' यापेक्षा 'दुसऱ्या अंकात तू भाषण करू लागलास' हे ऐकण्याची गरज आहे. मात्र ते प्रेमाने सांगणारा माणूस आधी ते स्वतःशी नीट मांडून आलेला असला पाहिजे.

चहाची गोष्टही शेवटी तेथेच जाते. ब्वा शेरीचा चहाचा मळा १८९२ सालापासूनचा. पुढे क्युरपीपच्या आसपास आणि दक्षिणेच्या डोंगरउतारावर मैलोगणती चहा होता. पहाटेच्या अंधारात, धुक्यात आणि पावसात बायका पाने खुडायला निघत. १९९० च्या दशकात त्यातली पुष्कळ जमीन उसाखाली गेली. ब्वा शेरीला आज संग्रहालय आहे, तेथे जुनी यंत्रे पाहायला मिळतात. परंतु त्या खुडणाऱ्या बायका घरी परतल्यावर स्वतःसाठी कसा चहा करीत, तो कोणाबरोबर पीत आणि त्या वेळी काय बोलत, हे यंत्र पाहून कळत नाही. अशा बायकांपैकी ज्या आज आजी होऊन घरात बसल्या आहेत त्यांना विचारायला अजून वेळ आहे. विचारा आणि लिहून ठेवा. आवडीच्या वहीचे पहिले पान त्यांनाच द्यावे.

वाचक बंधुभगिनींनो, ही वही सुरू करायला समितीची सभा भरवावी लागत नाही, अध्यक्ष निवडावा लागत नाही, अनुदानाचा अर्ज करावा लागत नाही. मुहूर्त हवाच असेल तर गुढीपाडवा आहे. उगादीनिमित्त त्या दिवशी बेटावर सुट्टीच असते. पण तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हे पान वाचून होईपर्यंत आपल्या हातातला चहा निवला असेल. दुसरा करून घ्या, आणि तो कसा झाला ते दोन ओळींत लिहा. फुळकवणी झाला असेल तर तसेच लिहा.